डांबरी सोडा, मुरुमाची वाट धरा

आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर एकच सल्ला देतात, ‘रोज चालत जा.’ सल्ला चांगला आहे, फुकटचा आहे आणि बहुतेक वेळा पाळला जात नाही. आठ दिवस पांढरे बूट घालून फिरणे होते. नवव्या दिवशी गुडघा कुरकुरतो, दहाव्या दिवशी पाऊस येतो आणि अकराव्या दिवशी बूट माळ्यावर जातात. गोळ्यांची पाकिटे मात्र दरवर्षी वाढत जातात.

म्हणून आज वेगळा विषय घेतो. वाचकहो, घरातली जुनी सायकल बाहेर काढा. पण ती महामार्गावर नेऊ नका. आपल्या गावामागच्या डोंगराच्या पायथ्याने जी मुरुमाची वाट जाते, तिच्यावर घाला. आणि ती वाट शाबूत राहील याकडेही लक्ष द्या. कारण अशा वाटा राखणे हा केवळ शेतीचा किंवा बांधकाम खात्याचा विषय नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडे काय सांगतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशव्यापी मधुमेह पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी दाखवून दिले की आपल्याकडचे जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण शंभरात ४२ आणि स्त्रियांत ५७ आहे. ‘घरकाम करते, आणखी कसला व्यायाम?’ असे म्हणणाऱ्या भगिनींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुरेशी हालचाल म्हणजे किती? त्याच संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी चाळीस मिनिटे सायकल चालवली की हिशेब पुरा होतो. शरीराचे बरेचसे वजन सीटवर राहत असल्याने गुडघ्यावर भार कमी पडतो. चालताना ज्यांचा गुडघा दुखतो, अशा कित्येकांना सायकल सोसते.

अमेरिकेत काय घडले?

मुरुमाच्या रस्त्यावर सायकल चालवण्याचे अमेरिकेत सध्या मोठे वेड आहे. त्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे मरीन नावाचा परगणा आहे. शहरात नोकरी करणारे लोक तिथे राहतात. उपनगराच्या पाठीशी टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. वणवा लागला तर बंब वर नेता यावेत म्हणून त्याच्या अंगावरून, घळींच्या कडेकडेने कच्चे रस्ते काढलेले आहेत. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही तरुणांनी भंगारात निघालेल्या, जाड टायरच्या जुन्या सायकली त्या रस्त्यांवर नेल्या. १९७६ साली त्यांनी उताराची पहिली शर्यत लावली. त्या उताराचे नाव पडले ‘रीपॅक’. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. डोंगरी सायकलीचा धंदा जगभर पसरला, त्याच्या मुळाशी हा उद्योग होता.

पुढे २००६ साली कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या लहान गावी गारगोटीच्या टेकड्यांतून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. सव्वातीनशे किलोमीटरच्या या शर्यतीसाठी आता जगभरातून लोक त्या गावी जातात. कंपन्यांनीही खास खडीच्या रस्त्यासाठी सायकली काढल्या. आपल्याकडे त्या मिळतात, चांगल्यापैकी घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात जाते.

हे सांगण्याचे कारण, या महाग सायकलींचे टायर साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे असतात. आणि आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, शाळामास्तरांच्या काळ्या सायकलीचा टायर कोणत्या मापाचा? अठ्ठावीस बाय दीड इंच. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! आपले आजोबा याच टायरवर बसून बाजाराला, तालुक्याला आणि जत्रेला कच्च्या रस्त्याने जात होते. त्यांना कोणी खेळाडू म्हटले नाही, एवढाच फरक. त्या सायकलीला गिअर नाही, म्हणून चढावर ती जड जाते, हे खरे. तेव्हा नवी घ्यायची असेल तर मध्यम जाडीच्या टायरची, साधी गिअरची सायकल पुरे. खूप गिअरचा सोस नको. सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागच्या चक्राचे दात पुढच्या चक्राइतके किंवा त्याहून अधिक असावेत, एवढे दुकानात मोजून घ्या.

आपला डोंगर म्हणजे पायऱ्यांचा जिना

आपला सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. चढ, मग सपाटी, मग पुन्हा चढ. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हा काळा खडक ऊनपावसाने कुजून जो भुगा होतो तो आपला मुरूम. दाबून बसलेल्या मुरुमात पाणी मुरते, चिखल कमी होतो आणि चाकाला पकडही मिळते.

हृदयाच्या दृष्टीने ही पायऱ्यांची रचना फार उपयोगी आहे. थोडा वेळ नाडी वाढते, सपाटीवर ती उतरते, पुन्हा वाढते. शहरातले व्यायामशिक्षक घड्याळ लावून जे करून घेतात, ते डोंगर आपोआप करून घेतो. शिवाय मुरुमावर चाक लोळत नाही, सतत पायडल मारावे लागते. वेग कमी आणि श्रम जास्त, असा हा आरोग्याला मानवणारा व्यवहार आहे.

एक साधे गणित सांगतो. सत्तर किलोचा माणूस पंधरा किलोची सायकल घेऊन दोनशे मीटर उंची चढला, तर त्या चढण्यापुरत्याच सुमारे १८० कॅलरी खर्ची पडतात. आपल्या साताऱ्याच्या भाषेत सांगायचे तर साधारण दोन कंदी पेढे. चढून आल्यावर चार पेढे खाल्ले तर हिशेब कुठे जातो, हे वाचकांनीच ताडावे!

आपले शहर तर तिन्ही बाजूंनी डोंगरांत बसले आहे. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला जरंडेश्वर. कण्हेर, उरमोडी आणि धोम या धरणांचे कालवे जिल्ह्यात आहेत आणि कालव्याच्या कडेने तपासणीची वाट असते. डोंगराच्या कुशीतून, उंचसखल न होता वळसे घेत जाणारी ही वाट नवशिक्याला उत्तम. मात्र ती पाटबंधारे खात्याची असते. जिथे जाण्यास मनाई आहे तिथे जाऊ नये आणि पाण्याच्या काठाने मुलांना एकटे सोडू नये. सवय झाली की पायथ्याच्या पाणंदी आणि वाड्यावस्त्यांकडे चढणाऱ्या मुरुमाच्या वाटा घ्याव्यात. कासच्या सड्यावर मात्र डांबरी सोडून एक फूटही चाक घालू नये. तिथली माती जांभ्या खडकावर बोटभर जाडीचीही नाही. ज्या फुलांमुळे २०१२ साली कासचे नाव जागतिक वारशात गेले, ती त्याच मातीत येतात.

‘डॉक्टर, सायकल ती पोरांची’

निवृत्तीला आलेले एक गुरुजी माझ्याकडे साखरेसाठी येतात. सायकलचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, ‘डॉक्टर, सायकल ती पोरांनी चालवायची. या वयात लोक हसतील. म्हणतील, गुरुजींना पेट्रोल परवडेना झालं.’

मी म्हटले, ‘गुरुजी, गावात हसतात ना? मग गावाबाहेर चालवा. पाणंदीला हसायला कोण आहे?’

गुरुजी त्या वेळी नुसते हसले. पण त्यांच्या बोलण्यात एक मोठे सत्य आहे. आपल्याकडे सायकल गरिबीची खूण मानली जाऊ लागली आणि तिथेच आपले आरोग्य घसरले. मुलगी दहावीपर्यंत सायकलवर जाते, कॉलेजला गेली की तिला स्कूटी लागते. पुढे लग्न, मुले, आणि चाळिशीत थायरॉइड, वजन, गुडघे. पाणंदीचा एक फायदा असा की तिथे बघ्यांची गर्दी नसते. बायकांनी दोघीचौघींनी मिळून जावे. फक्त ओढणी कमरेला घट्ट बांधावी. चेनमध्ये ओढणी अडकून पडण्याचे प्रकार थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत.

महामार्ग नको असे का म्हणतो, तेही सांगतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. ही केंद्र सरकारची नोंद आहे. हृदय सुधारायला निघालेल्या माणसाने कंटेनरच्या शेजारून सायकल चालवावी, यात शहाणपण नाही.

सुरुवात अशी करावी

सीटची उंची आधी ठीक करा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे निम्मे लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग सायकलने गुडघे दुखतात म्हणून सायकलला दोष देतात.

हवा दगडासारखी ठासून भरू नका. मुरुमावर चाक किंचित मऊ हवे. चाळीस मिलिमीटरच्या टायरला, सत्तर किलोच्या माणसासाठी, ३५ ते ४० पौंड हवा पुरते. हवा जास्त असेल तर प्रत्येक खडा मनगटाला आणि कमरेला कळतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर समजावे की तळहातातली नस दाबली जात आहे. हाताची जागा बदलत राहा, कोपर थोडे वाकवून ठेवा, हातमोजे घाला. बैठकीच्या जागी बधिरता आली तर सीटचे नाक वर झाले आहे का पाहा आणि दर दहा मिनिटांनी पायडलवर उभे राहा.

पहिले पंधरा दिवस सपाट वाटेवर वीस मिनिटे. मग हळूहळू चाळीस. चढ त्यानंतर. श्रम किती करावेत याची कसोटी सोपी आहे. सायकल चालवताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येईना झाले तर खाली उतरा आणि सायकल हाताने ढकला. यात लाज कसली? उलट फायदाच आहे. सायकलीने हृदय आणि मांड्या सुधारतात, पण अंगाचा भार पायांवर येत नसल्याने हाडांना पुरेसा व्यायाम होत नाही. चढावर ढकलत चाललात की ती उणीवही भरून निघते.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडेथोडे दाबावेत. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. मुरुमावर पुढचे चाक सरकले की माणूस तोंडावर येतो. म्हणून हेल्मेट हवेच, गल्लीतून गेलात तरी. निघण्यापूर्वी ब्रेकचे गट्टे पाहावेत.

कोणी जपून राहावे?

ज्यांना चालताना छातीत दुखते, दम लागतो किंवा हृदयाचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढ घेऊ नये. रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर आधी तो आटोक्यात आणावा. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर दम कोंडून चढ चढणे धोक्याचे असते.

जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांची साखर वाटेत एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसताच थांबावे आणि तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. खिशात साखरेची पुडी असल्याशिवाय अशा व्यक्तीने गावाबाहेर पडू नये, आणि एकट्याने तर नाहीच. पायांना मुंग्या येणाऱ्यांनी चप्पल नव्हे, बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत.

पडून खरचटले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवावी. मुरुमाचे कण आत राहिले तर जखम चिघळते आणि बरी झाली तरी कातडीवर काळे डाग कायमचे राहतात. हळद-चुना भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का ते पाहावे.

वस्तीवरचा कुत्रा मागे लागला तर वेग वाढवू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरा. चावलाच तर जखम पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजला औषध नाही, लस आहे. आणि तिन्हीसांजेच्या आत घरी या. अंधारात वाट दिसत नाही आणि तापलेल्या मुरुमावर सापही येऊन बसतात.

वाट कोणाची?

आता मुद्द्याची गोष्ट. या वाटा झपाट्याने मिटत चालल्या आहेत. डोंगराच्या पायथ्याला प्लॉट पडतात, त्यांचे कुंपण वाटेवर येते. कुठे शेजारच्या शेताचा नांगर दरवर्षी वीतभर पुढे सरकतो. कुठे खडी क्रशरचे डंपर वाटेची चाळण करतात. डंपरच्या वाटेवर सायकल नेणे जिवावरचे आहे.

जुन्या गाव नकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. जागेवर जाऊन मोजले तर कित्येक ठिकाणी बैलगाडी सोडा, सायकलसुद्धा जात नाही. शेतकऱ्याला वाट मिळावी म्हणून कायदा आहे. जमीन महसूल संहितेचे १९६६ चे कलम १४३ आहे, अडवलेला रस्ता मोकळा करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे. २०२१ साली सरकारने शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजनाही आणली. कायद्याची उणीव नाही, मागणाऱ्यांची आहे. एकटा शेतकरी भाऊबंदकीच्या भीतीने गप्प बसतो. त्याच्या पाठीशी आपण शहरातले लोक उभे राहिलो तर काय हरकत आहे? त्याला ऊस आणि दूध बाहेर काढायला वाट हवी, आपल्याला रक्तातली साखर उतरवायला हवी. वाट एकच आहे.

‘मग डांबरीकरणच करून टाका ना,’ असे कोणी म्हणेल. जिथे आजारी माणूस, शाळेची मुले, ऊस यांची रोजची वाहतूक आहे तिथे पक्का रस्ता व्हावाच, त्याला माझा विरोध नाही. परंतु प्रत्येक वाटेवर डांबर ओतले की मागोमाग सुसाट गाड्या येतात आणि चालणारा, सायकलवाला बाजूला फेकला जातो. दोन्ही अंगांना चर काढून, मुरूम टाकून, पाणी मारून दाबलेला रस्ता शेतकऱ्याच्या गाडीलाही चालतो आणि आपल्या सायकललाही. गावातल्या मुख्य रस्त्याच्या कडेला रंगीत फरशांची सायकलवाट करून तिच्यावर हातगाड्या उभ्या राहू देण्यापेक्षा तो पैसा इथे लावावा.

आपल्याकडूनही काही नियम पाळले गेले पाहिजेत. टॅमलपाइसच्या डोंगरावरही चालणारे आणि सायकलवाले यांच्यात वर्षानुवर्षे भांडणे झाली. आता तिथे सायकलला ताशी पंधरा मैलांची मर्यादा आहे, म्हणजे चोवीस किलोमीटर. आंधळ्या वळणावर आणि कोणाला ओलांडताना पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. आपण हेच मनाने पाळावे. समोरून गुरे आली तर उतरून उभे राहावे, म्हातारे माणूस दिसले तर लांबूनच घंटी वाजवावी. उभ्या पिकातून चाक घालू नये, फाटक उघडले तर लावून घ्यावे, पाण्याची रिकामी बाटली परत आणावी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत सायकल घालून चाकोऱ्या पाडू नयेत. त्या दिवाळीपर्यंत वाळत नाहीत आणि त्रास शेतकऱ्याच्या बैलांना होतो.

सांगायचे तात्पर्य, औषधांच्या दुकानाची वाट आपल्याला पाठ झाली आहे. तिच्यापेक्षा जुनी, बिनखर्चाची आणि बिनगर्दीची वाट गावाच्या मागून डोंगराकडे जाते. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता पाण्याची बाटली घेऊन तिच्यावर एकदा जाऊन या. ती कुठपर्यंत मोकळी आहे आणि कुठे अडली आहे ते पाहा. अडली असेल तर पुढच्या ग्रामसभेत त्या गावच्या शेतकऱ्याबरोबर जाऊन बसा.